परदेशातलं सामायिक घर : जागा घेण्याआधी काय ठरवायचं?

(राजूर, ता. वणी, जि. यवतमाळ इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की राजूर कॉलरीत बसून परदेशातल्या इमारतींचं नियोजन कशाला शिकायचं? दूतावास, उच्चायुक्तालय, सांस्कृतिक केंद्र ही दिल्लीच्या साहेबांची कामं. पण लंडनमध्ये एक घर असं आहे, जे महाराष्ट्र शासनाने आपल्या तिजोरीतून घेतलं. म्हणजे त्यात इथल्या खाणीत आणि चुनाभट्टीत राबणाऱ्या माणसाचाही पैसा आहे. त्या घरात बाबासाहेब राहिले होते. आणि हेच घर संग्रहालय म्हणून बंद होण्याची वेळ आली होती. कोणी शत्रुत्व केलं म्हणून ही वेळ आली नव्हती. एक साधी परवानगी वेळेवर घेतलेली नव्हती.

म्हणून आज आपण तीन गोष्टी पाहू. परदेशातल्या जागेला कायद्याने नेमकं काय संरक्षण मिळतं. अनेक संस्था एकाच छताखाली कशा नांदतात. आणि अशी जागा घेण्याआधी कागदावर काय काय ठरलेलं असायला हवं.

दूतावासाची जमीन कोणाची?

एक गैरसमज आधी दूर करू. आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं की दूतावासाची जमीन म्हणजे त्या देशाचीच जमीन. लंडनमधलं भारतीय उच्चायुक्तालय म्हणजे जणू भारताचा तुकडा. हे खरं नाही. जमीन ब्रिटनचीच आहे आणि कायदाही ब्रिटनचाच लागू आहे. फरक एवढाच, की १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार दूतावासाच्या प्रमुखाने संमती दिल्याशिवाय यजमान देशाचे अधिकारी आत पाऊल टाकू शकत नाहीत. या कराराचं कलम २२ तेच सांगतं. त्या जागेचं संरक्षण करण्याची जबाबदारीही यजमान देशावर टाकलेली आहे.

पण याच करारातलं कलम ४१ लोक विसरतात. त्यात म्हटलंय की दूतावासाच्या लोकांनी यजमान देशाचे कायदे पाळायचे, आणि दूतावासाची जागा दूतावासाच्या कामाशी न जुळणाऱ्या गोष्टींसाठी वापरायची नाही. म्हणजे दार बंद ठेवायचा अधिकार आहे, पण आत मनाला येईल ते करायची मुभा नाही.

वाणिज्य दूतावासाचं, म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, कागदपत्रं पाहणाऱ्या कार्यालयाचं गणित आणखी वेगळं. त्यासाठी १९६३ चा स्वतंत्र व्हिएन्ना करार आहे. तिथे संरक्षण सगळ्या इमारतीला नसतं. जो भाग फक्त आणि फक्त वाणिज्य दूतावासाच्या कामासाठी वापरला जातो, तेवढ्यालाच असतं. आग लागली तर प्रमुखाची संमती आहे असं गृहीत धरून आत शिरता येतं. दूतावासाच्या बाबतीत अशी सूट करारात लिहिलेली नाही.

आपल्या विषयासाठी सर्वात कामाची ओळ याच १९६३ च्या करारात आहे, कलम ५५ मध्ये. एकाच इमारतीत वाणिज्य दूतावास आणि दुसऱ्या संस्थांची कार्यालयं असू शकतात. अट ही, की त्यांच्या जागा वेगळ्या असल्या पाहिजेत. आणि त्या दुसऱ्या संस्थांची जागा वाणिज्य दूतावासाचा भाग मानली जाणार नाही. सोप्या भाषेत, घर एक पण संरक्षण खोलीप्रमाणे. मधली भिंत कुठे घालायची याचा निर्णय इथे कायदा करतो, मग वास्तुविशारद.

ब्रिटनने तर आणखी एक पायरी ठेवली आहे. १९८७ च्या त्यांच्या कायद्यानुसार एखाद्या जागेला राजनैतिक दर्जा हवा असेल तर तिथल्या सरकारची संमती लागते. परदेशी सरकारने घर विकत घेतलं म्हणून ते आपोआप दूतावास होत नाही.

किंग हेन्रीज रोडवरचं घर

आता आपल्या घराकडे येऊ. बाबासाहेब १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले. १९२१-२२ या काळात ते उत्तर लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते. त्याच वर्षांत त्यांनी एम.एस्सी. पदवी घेतली आणि रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाचं काम चाललं होतं.

हे घर विकायला निघालं, तेव्हा महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये घेतलं. किंमत तीस लाख पौंडांहून जास्त, म्हणजे आपल्या हिशोबाने तीस कोटी रुपयांच्या वर. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. लोक येऊ लागले, फोटो लागले, पुस्तकं मांडली गेली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत परराष्ट्र व्यवहार आणि राजनैतिक प्रतिनिधित्व हे विषय केंद्राच्या यादीत आहेत. राज्य सरकारला परदेशात स्वतःचा दूतावास काढता येत नाही. त्यामुळे राज्याने घेतलेलं हे घर म्हणजे ब्रिटनच्या नजरेत एका रहिवासी वस्तीतलं रहिवासी घर. त्याला लागू होणारे नियम शेजारच्या घराला लागू होणारेच.

आता शेतकरी मंडळींना हे लगेच कळेल. समजा, तुम्ही रस्त्याकडेची दोन एकर शेती घेतली. सातबारा तुमच्या नावावर आहे. म्हणून उद्या तिथे मंगल कार्यालय बांधता येतं का? त्या वापरासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. मालकी एक आणि वापर दुसरा. लंडनमध्येही तेच. राहत्या घराचं संग्रहालय करायचं, तर वापर बदलण्याची परवानगी तिथल्या स्थानिक कौन्सिलकडून घ्यावी लागते.

ही परवानगी उद्घाटनापूर्वी घेतलेली नव्हती. शेजारच्या काही रहिवाशांनी तक्रार केली. २०१८ मध्ये, म्हणजे संग्रहालय सुरू झाल्यावर, परवानगीचा अर्ज झाला आणि कॅम्डेन कौन्सिलने तो नाकारला. मुख्य कारण असं, की लंडनमध्ये राहायला घरं कमी आहेत आणि हे घर संग्रहालय झालं तर राहण्याची जागा कमी होते.

हे कारण आपल्याला आवडो न आवडो, ते पोकळ नाही. उद्या राजूरमध्ये बाहेरच्या कुणी चार राहती घरं घेतली आणि तिथे कार्यालय थाटलं, तर आपणही विचारूच की बाबा, आमच्या पोरांनी राहायचं कुठे?

मग अपील झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर सुनावणी झाली. मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या गृहनिर्माण मंत्र्यांनी परवानगी दिली. राहण्याची जागा कमी होते हे मान्य करूनही संग्रहालयाचं महत्त्व त्याहून जास्त मानलं गेलं. घर वाचलं. पण उद्घाटनापासून त्या निकालापर्यंत चार वर्षांहून अधिक काळ ते कायदेशीरदृष्ट्या लटकलेलं होतं. वकील, तज्ज्ञ, सुनावण्या यांत वेळ आणि पैसा गेला, आणि तो खर्च वाचनालयावर किंवा प्रदर्शनावर होऊ शकला असता.

असं फक्त आपल्याच बाबतीत घडलं असंही नाही. चीनने नव्या दूतावासासाठी २०१८ मध्ये लंडनची जुनी टांकसाळ, रॉयल मिंट कोर्ट, विकत घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या टॉवर हॅम्लेट्स कौन्सिलने त्यांचा आराखडा नाकारला आणि पुढे प्रकरण केंद्र सरकारकडे गेलं. तेव्हा देश मोठा की लहान, याचा इथे फारसा संबंध नाही.

एका छताखाली अनेक : बर्लिन आणि दार-एस-सलाम

आता सामायिक जागा. आपलं समाजमंदिर आठवा. सकाळी अंगणवाडी, दुपारी बचतगटाची बैठक, संध्याकाळी अभ्यासिका, लग्नसराईत मांडव. सगळ्यांचं म्हणूनच ते टिकतं आणि भांडणंही त्यावरूनच होतात. चावी कोणाकडे? वीजबिल कोण भरणार? देशांनाही नेमके हेच प्रश्न पडतात.

जर्मनीची राजधानी बॉनहून बर्लिनला हलली तेव्हा सगळ्या देशांना नव्या जागा शोधाव्या लागल्या. डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांनी ठरवलं की एकत्रच बांधू. १९९९ मध्ये त्यांचं संकुल खुलं झालं. एकूण सहा इमारती आहेत. पाच देशांच्या पाच, आणि सहावी सगळ्यांची मिळून. तिचं नाव ‘फेलेसहुस’, अर्थ ‘सामायिक घर’. सगळ्यांना कवेत घेणारी तांब्याची उंच, हिरवट भिंत आहे. पाच इमारतींची मांडणी नकाशावर ते देश जसे आहेत तशी केली आहे.

या मांडणीतलं शहाणपण बघा. प्रत्येक देशाची गोपनीय कामं त्याच्या स्वतःच्या इमारतीत, स्वतःच्या कुलपाखाली. प्रत्येक इमारतीचा वास्तुविशारदही त्या त्या देशाचा. आणि जे लोकांसाठी आहे, म्हणजे सभागृह, प्रदर्शन, जेवणाची सोय, ते सहाव्या इमारतीत. आइसलंडसारख्या अगदी छोट्या देशाला एकट्याने बर्लिनमध्ये एवढं सभागृह परवडलं नसतं. एकत्र आल्यामुळे ते मिळालं आणि ओळखही पुसली गेली नाही.

दुसरं उदाहरण टांझानियातल्या दार-एस-सलामचं. तिथे ब्रिटन, जर्मनी, नेदरलंड्स आणि युरोपीय संघ यांनी एकाच इमारतीत कार्यालयं थाटली. नाव दिलं ‘उमोजा हाउस’. स्वाहिली भाषेत उमोजा म्हणजे एकी. इथे बर्लिनसारख्या स्वतंत्र इमारती नाहीत, एकाच इमारतीतली वाटणी आहे. सांस्कृतिक संस्थांमध्येही हे घडतं. रामल्लामध्ये जर्मनीची गोएथे संस्था आणि फ्रान्सची सांस्कृतिक संस्था एकत्र केंद्र चालवतात. एकेकाळी एकमेकांशी महायुद्धं लढलेले हे दोन देश.

आपल्याकडची परंपरा

आपल्या लोकांना हे नवीन नाही. १९०५ मध्ये श्यामजी कृष्णवर्मांनी लंडनच्या हायगेट भागात ‘इंडिया हाउस’ सुरू केलं. विद्यार्थ्यांचं वसतिगृह, वाचनालय, सभेची जागा, सगळं एकाच घरात. १९०६ मध्ये विनायक दामोदर सावरकर तिथे राहायला आले. पण ते खाजगी घर होतं, कसलंही राजनैतिक कवच त्याला नव्हतं. पोलिसांची पाळत होती, आणि १९०९ च्या कर्झन वायली हत्येनंतर ते घर टिकलं नाही.

पुढे १९३० मध्ये ऑल्डविच भागात त्याच नावाची सरकारी इमारत उभी राहिली. आज आपलं उच्चायुक्तालय तिथे आहे. सांस्कृतिक कामासाठी मात्र १९९२ मध्ये वेगळ्या ठिकाणी नेहरू सेंटर काढलं गेलं. म्हणजे पासपोर्टची रांग एकीकडे आणि गाण्याची मैफल दुसरीकडे. तिसरी वाट लोकांच्या संस्थांची. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून आहे. तिथे गणपती बसतो, मराठी माणूस भेटतो, आणि ते सगळं सभासदांच्या बळावर चालतं.

आता प्रश्न असा, की सरकारी कार्यालय, सांस्कृतिक केंद्र आणि लोकांचं मंडळ या तिघांना एकत्र आणायचं ठरलं तर काय करावं?

आधी कागद, मग कुलूप

पहिलं, वापर ठरवा. ‘भवन पाहिजे’ हा वापर नव्हे. किती माणसं येतील, कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत, स्वयंपाक होणार का, ढोल वाजणार का, कोणी मुक्काम करणार का, हे लिहून काढा. शेजाऱ्यांचा त्रास इथूनच सुरू होतो.

दुसरं, त्या वापराला त्या जागी परवानगी मिळते का ते विसार देण्याआधी तपासा. शक्य असेल तर करारातच लिहा की परवानगी मिळाली तरच खरेदी पक्की.

तिसरं, कोणत्या खोलीला कोणता दर्जा हे नकाशावर रंगवा. कार्यालयाचा बंद भाग, सामायिक भाग, मंडळाचा भाग. बंद भागाचं दार, जिना आणि कपाटं वेगळी. लोकांसाठीचं सभागृह दूतावासाच्या संरक्षित जागेत ठेवू नये असं आम्हाला वाटतं. तिथे एखाद्याला चक्कर आली, आग लागली, तर मदत दारात अडायला नको.

चौथं, खर्च. यावर थोडं थांबू, कारण बहुतेक सामायिक घरं इथेच मोडतात. एक काल्पनिक हिशोब मांडू. इमारत ६०० चौरस मीटरची. कार्यालयाची स्वतःची जागा २४०, सांस्कृतिक केंद्राची १२०, मंडळाची ४०. उरलेली २०० सामायिक : सभागृह, ग्रंथालय, जिने.

सामायिक खर्च १०० रुपये धरला आणि ज्याची जागा जास्त त्याने जास्त द्यायचं ठरवलं, तर कार्यालय ६०, केंद्र ३० आणि मंडळ १० रुपये देईल. ऐकायला न्याय्य वाटतं. पण वर्षात सभागृह १०० संध्याकाळी वापरलं गेलं, त्यात मंडळाच्या ५०, केंद्राच्या ४० आणि कार्यालयाच्या फक्त १०. मग तिसऱ्या वर्षी कार्यालयाचा हिशोबनीस विचारणार, आम्ही साठ टक्के का भरतोय?

म्हणून खर्चाचे दोन भाग करा. छप्पर, विमा, दुरुस्ती हा कायमचा खर्च, समजा ७० रुपये. तो जागेप्रमाणे वाटा. सभागृहाची वीज, सफाई, राखण हा वापराचा खर्च, ३० रुपये. तो संध्याकाळींप्रमाणे वाटा. आता कार्यालयाकडे ४२ आणि ३ मिळून ४५ येतात, केंद्राकडे २१ आणि १२ मिळून ३३, मंडळाकडे ७ आणि १५ मिळून २२. मंडळाचा वाटा दहावरून बावीसवर गेला. त्यांना झेपणार नसेल तर सवलत द्या, पण ती सवलत म्हणून कागदावर लिहा. न लिहिलेली मेहेरबानी अधिकारी बदलला की संपते.

पाचवं, वेगळं होण्याची रीत आधीच ठरवा. एखादी संस्था बाहेर पडली तर तिने घातलेल्या पैशाचं काय, तिची खोली कोणाला, पुस्तकं कोणाची? लग्नाच्या बैठकीत हे बोलणं अशुभ वाटतं, पण इथे बोलावंच लागतं.

आणि सहावं, रोजचा कारभारी एकच नेमा. तिन्ही संस्थांचे प्रतिनिधी असलेली छोटी समिती असावी, पण चावी, नोंदवही आणि तक्रारी एका माणसाकडे असाव्यात.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*आमच्या गावचा विद्यार्थी शिष्यवृत्तीवर लंडनला गेला, तर त्याला बाबासाहेबांच्या घरात राहता येईल का?*

ही भावना आम्ही समजू शकतो. बाबासाहेब स्वतः तिथे विद्यार्थी म्हणूनच राहिले. पण २०२० ची परवानगी संग्रहालयासाठी मिळालेली आहे. कोणाला राहायला देणं हा वेगळा वापर झाला, आणि त्याचा विचार वेगळा करावा लागेल. म्हणूनच म्हटलं, काय काय व्हायला हवं ते खरेदीआधी मांडलेलं बरं. तिथे जाऊन घर बघता येतं, थोडा वेळ बसता येतं, हेही कमी नाही.

*विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेतलं तर?*

नवीन शहरात पहिली काही वर्षं भाड्यानेच घ्यावं. लोक खरंच येतात का, किती येतात, ते कळतं. मात्र भाड्याच्या जागेतही वापराची परवानगी लागतेच, आणि करारात पोटभाडेकरू ठेवायला मनाई असेल तर दुसऱ्या संस्थेला बरोबर घेता येत नाही. ते कलम आधी वाचावं.

*मंडळाने आपली वास्तू सरकारला देऊन टाकली तर देखभाल चांगली होईल ना?*

छप्पर दुरुस्त होईल कदाचित. पण मग शनिवारी सभागृह उघडायलाही कार्यालयाला अर्ज करावा लागेल. सरकारने पैसा द्यावा, मालकी सभासदांच्या विश्वस्त मंडळाकडे राहावी, आणि पैशाच्या बदल्यात किती दिवस सर्वांसाठी खुलं ठेवायचं ते लिहून घ्यावं, असा मध्यम मार्ग आम्हाला बरा वाटतो.

*यात आमच्यासारख्यांनी काय करायचं?*

प्रश्न विचारायचे. परदेशात अमुक भवन होणार अशी घोषणा ऐकली की आपल्या आमदार-खासदारांना तीन गोष्टी विचारा. तिथल्या कौन्सिलने या वापराला परवानगी दिली का? रोजचा खर्च कोण, किती वर्षं भरणार? आणि सामान्य माणसासाठी दार कोणत्या दिवशी, किती वाजता उघडं असणार? पैसा आपला आहे, तर उत्तर मागण्याचा हक्कही आपलाच आहे.